चौथ्याचा माईक बंद असतो

“म्यूटभाई आपल्याच कॉलेजचा आहे, लिहून घे,” माझ्या पाठीमागच्या टेबलावरून आवाज आला.

“काहीही. मला तो ठाण्याचा वाटतो,” दुसरा म्हणाला. “गुपचूप मागून येतो आणि मारतो. आपल्या कॉलेजात एवढं डोकं कोणाला आहे?”

मी कँटीनमध्ये मेदुवडा खात होते. चमचा सांबारात तसाच राहू दिला. वळून बघायची गरज नव्हती. ते दोन्ही आवाज गेले तीन महिने रोज संध्याकाळी माझ्या कानात असायचे. ज्याच्याबद्दल ते बोलत होते, तो म्यूटभाई त्यांच्या पाठीला पाठ लावून बसलेला होता, आणि तो मुलगा नव्हता, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

झालं होतं असं. सेकंड इयरला असताना कॉलेजच्या ग्रुपवर एका मोबाईल गेमची लिंक आली होती. ‘चौथा पाहिजे, लवकर या.’ हा गेम चौघांच्या टीमने खेळायचा. सगळ्या टीम एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी जी टीम उरते ती जिंकते. माझ्या फोनवर मामेभावाचं जुनं अकाउंट होतं, त्याचं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. मी लिंक दाबली. दुसऱ्या दिवशी परत दाबली. त्यानंतर ते तिघं माझी वाट बघायला लागले.

त्या तिघांतला एक आमच्याच वर्गातला उंच मुलगा, जो टीमचा पुढारी होता. दुसरा त्याचा चष्मेवाला मित्र. तिसरा दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा, बोरिवलीला राहणारा, ज्याला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. माझ्यासाठी तो म्हणजे एक घोगरा आवाज आणि त्या आवाजामागे चाललेली टीव्हीवरची मालिका. खेळताना सगळ्यांचे माईक चालू असतात. माझा कधीच नसायचा, म्हणून त्यांनी मला म्यूटभाई नाव ठेवलं. मी नकाशावर बोट ठेवायचे, की त्यांच्या पडद्यावर पिवळी खूण उमटायची: इथे कोणीतरी आहे, इकडून या, इथे औषध पडलंय. तेवढ्यावर माझं भागायचं. त्यांचंही भागायचं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीत बोलते, आणि शाळा-कॉलेजात इंग्रजीत गप्प बसते. लिहायला सांगितलं तर पानं भरून लिहीन, पण नाव पुकारलं की मी वहीत डोकं घालते. विक्रोळीच्या आमच्या घरात याची सवय झाली आहे. आई पाहुण्यांना सांगते, “ती तशीच आहे, लक्ष सगळं असतं तिचं.” ते मात्र खरं. लोक बोलतात कसे, याचं मला फार कुतूहल आहे. आणि त्या गेममध्ये मला तीन माणसं सापडली होती, जी मी तिथे आहे हे विसरून बोलत होती.

उंच मुलगा वर्गात मागच्या बाकावरून सगळ्यांच्या वर आवाज चढवायचा. गेममध्ये त्याहून वर. पण मधेच त्याच्या घरून हाक यायची, “जेवायला चल रे,” आणि त्याचा आवाज एकदम खाली उतरायचा. “आलो गं, दोन मिनिटं. तू बस, मी वाढून घेतो.” लगेच पुन्हा, “अबे डावीकडे, डावीकडे, झोपलायस का?” हे दोन आवाज एकाच गळ्यातून कसे निघतात ते बघायला मी कित्येकदा कँटीनमध्ये त्यांच्या जवळचं टेबल धरायचे. तिथे तर त्याचा तिसराच आवाज असायचा.

“म्यूटभाई असला की टेन्शन नाही,” बोरिवलीवाला एकदा म्हणाला. “बाकी तुम्ही नुसते तोंडाचे.” ते ऐकून मी उशीत तोंड खुपसून हसले होते. कॉलेजात दीड वर्षात माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

आता जिच्यामुळे हे सगळं सांगतेय तिच्याबद्दल. पर्यावरणाच्या पेपरसाठी आमचा पाच जणांचा प्रोजेक्ट होता. त्यात मी होते, उंच मुलगा होता आणि ती होती. ती मानखुर्दहून यायची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. विषय होता कचरा. खरं काम तिनेच केलं होतं. तिच्या घराजवळ कचरा वेगळा करणाऱ्या बायका राहतात, ती रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायची, काय कसं ओळखतात ते विचारायची. प्लास्टिकची पिशवी नुसती चुरगाळून आवाजावरून तिचा प्रकार सांगणारी एक आजी तिने शोधली होती. आम्ही चौघांनी रंगीत स्लाइड्स केल्या. त्यामुळे बोलायचं तिनेच, हे आपोआप ठरलं. आणि मोबाईल धरून शूटिंग करायचं मी, कारण ज्या कामात बोलावं लागत नाही ते माझं, हेही आपोआपच ठरायचं.

पहिलं प्रेझेंटेशन इंग्रजीत होतं. ती उभी राहिली, दोन वाक्यं नीट झाली, तिसऱ्यावर अडली. मग सरांकडे बघून मराठीत म्हणाली, “सॉरी सर. परत पहिल्यापासून करू?” सर म्हणाले, करा. तिने पहिल्यापासून केलं आणि नेमकी तिथेच अडली. “सॉरी सर. परत पहिल्यापासून करू?” तिसऱ्या वेळी वर्ग हसला. तीही थोडी हसली, आणि मग धडाधड शेवटपर्यंत बोलली. शेवटी त्या आजीच्या पिशवीबद्दल तिने सांगितलं तेव्हा सर हातातलं पेन खाली ठेवून ऐकत होते. ते सगळं माझ्या फोनमध्ये होतं.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “मला पाठवशील ना व्हिडिओ? कुठे अडते ते बघायचंय.”

इथे मी जे केलं ते माझ्यासारखीच करू शकते. एखाद्याला एकट्याला मेसेज पाठवायचा म्हटलं की मी अवघडते. आधी ‘हाय’ लिहायचं का, नंतर काय लिहायचं, ती उत्तर देईल, मग मी काय द्यायचं. ग्रुपवर टाकलं की काही बोलावं लागत नाही. म्हणून तिने मागितलेला व्हिडिओ मी प्रोजेक्टच्या ग्रुपवर टाकला. पाच जणांचा तर ग्रुप. तिचा अंगठा आला. उंच मुलाचाही आला.

चार दिवसांनी गेममध्ये चष्मेवाला उतरल्या उतरल्या मेला. आणि माझ्या कानात तिचा आवाज आला, “सॉरी सर. परत पहिल्यापासून करू?”

क्षणभर मला वाटलं, ती पण आहे की काय इथे. मग बाकीच्यांचं हसणं ऐकू आलं. बटण दाबलं की ठरलेला आवाज वाजवणारं एक ॲप असतं, त्यात उंच मुलाने तो तुकडा कापून ठेवला होता. बोरिवलीवाला म्हणाला, “भाई, झकास आहे हे. परत लाव.”

मी पण हसले. हे लपवून काय करू? खेळात मेलं की खरंच पहिल्यापासून करावं लागतं, आणि तिचा तो नम्र, जरासा कापरा आवाज तिथे इतका चपखल बसत होता की हसू थांबेना. पुढच्या फेरीत मी मेले तेव्हा त्याने तो माझ्यासाठी लावला, तेव्हाही हसले. सकाळी तव्यावर घावन फाटलं तर मनात तोच आवाज.

नंतर तिच्या चेहऱ्याचे स्टिकर आले. मग कोणीतरी तो आवाज रीलवर टाकला. मी शोधलं तर ते कोणीतरी म्हणजे उंच मुलगाच होता. एखादा आवाज कोणकोणत्या व्हिडिओत वापरलाय ते बघता येतं. एका दुपारी मी ते सगळे बघत बसले. केकचा साचा उलटा करताना अर्धा केक खाली पाडणारी बाई. गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा किक मारूनही सुरू न होणारी स्कूटर. पाळण्यातून उतरणारं आणि परत चढणारं मांजर. सगळ्यांच्या तोंडी तिचा आवाज. यातल्या एकाही माणसाला ती माहीत नव्हती, तिच्याबद्दल कोणाच्या मनात काही वाईटही नव्हतं. मला त्याचंच नवल वाटत राहिलं. इतके लोक हसतायत आणि त्यातला कोणीही तिला हसत नाहीये, मग तिला लागतं ते नेमकं कुठून?

कारण लागत होतं, ते दिसत होतं. वर्गात हजेरीला ती ‘येस सर’ म्हणाली की मागून बारीक खसखस व्हायची. मग ती नुसता हात वर करायला लागली. सर म्हणाले, आवाज द्या. तिने हात आणखी वर केला.

मी स्वतःला विचारलं, मला ते म्यूटभाई म्हणतात तेव्हा मला का नाही लागत? माझ्याही उणिवेवरच तर नाव ठेवलंय. बरेच दिवस मला उत्तर सापडलं नाही. मग वाटलं, मला हवं तेव्हा मी फोन बंद करून म्यूटभाईला कपाटात ठेवू शकते. तिला तो आवाज काढून कुठे ठेवणार? तो घेऊनच तिला हजेरी द्यायची असते, बसचं तिकीट मागायचं असतं.

त्या आठवड्यात एकदा मेट्रोत ती माझ्या शेजारी बसली. अंधेरीहून घाटकोपरपर्यंत आमचा रस्ता एकच. पुढे ती मानखुर्दची बस पकडायची. साकीनाका आलं. मग तीच बोलली.

“आई जाम खूश आहे माझ्यावर.”

“का गं?”

“खाली जिन्यात पोरं मोबाईलवर गेम खेळत होती. त्यातून माझा आवाज आला. आईने लगेच ओळखला. तिला वाटतंय, मी कुठेतरी काम केलंय. जाहिरातीत करतात तसं. शेजारच्या काकूंना सांगून आली, आमच्या पोरीचा आवाज मोबाईलमध्ये येतो.” ती खिडकीतून बाहेर बघत होती. “काकू म्हणाल्या, पैसे देतात का गं? आई म्हणाली, देतील, आत्ता तर सुरुवात आहे.”

मला हसू आलं आणि तिलाही आलं. दोघी थोडं हसलो. मग तिचं हसणं थांबलं.

“तिला कसं सांगू, ते लोक कशाला लावतात ते? ती तर मला म्हणते, परत म्हणून दाखव ना.”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“मी शुक्रवारी बोलणार नाहीये,” ती म्हणाली. शुक्रवारी तेच प्रेझेंटेशन पूर्ण करून बाहेरच्या परीक्षकांपुढे द्यायचं होतं. “सरांना म्हटलं, मला लेखी द्या. ते म्हणाले, लेखी नाही, बोलली नाहीस तर शून्य. म्हटलं, चालेल.”

“अगं, पण सगळं तुझंच आहे त्यात.”

“स्लाइडवर आहे ना लिहिलेलं. तो उंच वाचून दाखवेल.” मग जरा वेळाने, “मी अडते त्याचं मला काही नाही गं. मी आधीपण अडायचे. पण आता मी नुसती उभी राहिले ना, तरी ते हसायच्या तयारीत असतात. मला दिसतं ते. तोंड उघडायच्या आधी दिसतं.”

घाटकोपर आलं. दारापाशी उभं असताना तिने विचारलं, “तू खेळतेस तो गेम?”

“नाही,” मी म्हटलं.

इतक्या पटकन मी कधी कोणाला उत्तर दिलेलं नाही.

व्हिडिओ ग्रुपवर मी टाकला, हे तिला माहीत होतं. पाच जणांच्या ग्रुपमध्ये माझं नाव तिथे दिसतच होतं. त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती. घरी जाताना मी विचार करत राहिले, की हा तिचा चांगुलपणा आहे, की मला विचारून काही उपयोग नाही हे तिने ओळखलंय. दुसरंच असावं. वर्गात कोणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. मला ते आजवर सोयीचं वाटत आलं होतं.

मी नेटवर शोधून वाचलं, की मूळ रील ज्याने टाकलंय त्याने ते काढून टाकलं तर बाकीच्या व्हिडिओंतूनही तो आवाज जातो. म्हणजे केकवाली बाई, स्कूटर, मांजर, सगळे मुके होतील. एका माणसाने एक बटण दाबायचं होतं. त्याला मेसेज करावा म्हणून मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. खोडल्या. परत लिहिल्या. वाचल्यावर त्या कुठल्या तरी ऑफिसच्या तक्रार अर्जासारख्या वाटत होत्या. मला माहीत होतं काय होईल. तो त्याचाही स्टिकर करेल.

गुरुवारी संध्याकाळी सातला मी नेहमीसारखी गेममध्ये गेले. आई स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती. मला फक्त बघायचं होतं, त्यांच्या बोलण्यात उद्याचा विषय निघतो का.

पहिल्याच फेरीत बोरिवलीवाला छतावरून पडून मेला. आवाज वाजला. “सॉरी सर. परत पहिल्यापासून करू?” तिघं हसले, पण आता सवयीचं, छोटं हसू. त्याच्या मागे मालिकेतलं कोणीतरी रडत होतं.

“ए, एक विचारू?” बोरिवलीवाला म्हणाला. मेलेला माणूस नुसता बघत बसतो, त्याला वेळच वेळ असतो. “ही पोरगी आहे कोण? माझी बहीण पण म्हणायला लागली घरी, परत पहिल्यापासून करू.”

“कोणी नाही रे,” उंच मुलगा म्हणाला. “नेटवर मिळाली.”

चष्मेवाला काहीच बोलला नाही. तोही आमच्याच वर्गातला.

मला वाटलं होतं, तो नाव सांगेल, चेष्टा करेल, तिच्या इंग्रजीची नक्कल करेल. त्याची मी मनात तयारी ठेवली होती. पण ‘कोणी नाही’ हे मी धरलं नव्हतं. आणि ते त्याने त्याच्या खालच्या आवाजात म्हटलं, आईशी बोलतो त्या. म्हणजे त्याला कुठेतरी कळत होतं. तिचं नाव घेतलं असतं तर त्यालाच ऐकावं लागलं असतं, की आपण काय केलंय.

“म्यूटभाई, हलतोस का?” चष्मेवाला म्हणाला. “उजवीकडून येतायत.”

मी हलले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात माईकचं छोटं चित्र असतं, त्यावर तिरकी लाल रेघ. तीन महिने मी ती रेघ रोज बघत होते. ती दाबली की म्यूटभाई संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. उद्यापासून चौथा दुसरा कोणीतरी असेल. ‘हा असला की टेन्शन नाही’ असं माझ्याबद्दल परत कोणी म्हणणार नाही. आणि कँटीनमध्ये पाठीला पाठ लावून बसताही येणार नाही.

मी रेघ दाबली. ती गेली.

माझ्या घरातला मिक्सर त्यांना आधी ऐकू गेला असावा. “अबे, म्यूटभाईचा माईक,” बोरिवलीवाला म्हणाला. मेसेजसाठी लिहून खोडलेलं इंग्रजी वाक्य मी सुरू केलं. तीन शब्द निघाले, चौथा निघेना.

“मुलगी आहे,” चष्मेवाला हळूच म्हणाला.

“कोण बोलतंय?” उंच मुलाने विचारलं. “कोण आहे?”

पडद्यावर माझ्या माणसाला गोळी लागली, तो खाली पडला. कोणीही तिच्या आवाजाचं बटण दाबलं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर थांबला, आणि मला माझाच श्वास माईकमधून जाताना कळला.

“थांबा,” मी म्हटलं, मराठीत. “मी परत पहिल्यापासून सांगते. मी तुझ्याच प्रोजेक्टमधली आहे, मोबाईल धरते ती. ती नेटवर नाही मिळाली. तिने तो व्हिडिओ माझ्याकडे मागितला होता, आणि मी तो ग्रुपवर टाकला, तिथून तू घेतलास. ती आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते, आणि उद्या तिला बोलायचंय. तो आवाज काढून टाक. आत्ता काढ, मी थांबलेय.”